आखूड केसांचा हिशेब

रामदासपेठेच्या रस्त्यांवर दोन प्रकारच्या पाट्या सतत नजरेस पडतात, दवाखान्यांच्या आणि सलूनच्या. धंतोली आणि रामदासपेठ हा नागपुरातला डॉक्टरांचा पट्टा. यवतमाळ, गडचिरोलीपासून बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतचे पेशंट इथं येतात. केस आखूड करून घेणारी माणसंही या एका वस्तीत सगळ्या तऱ्हांची भेटतात. कोणी हौसेनं कापतं, कोणी उन्हाला कंटाळून, तर कोणाचे औषधांमुळं गेलेले केस पुन्हा उगवत असतात. या सगळ्यांना घरचे एकच वाक्य ऐकवतात: "चला, केसांची कटकट मिटली."

कटकट मिटत नाही, तिची जागा बदलते. लांब केसांत जो वेळ धुण्यात, वाळवण्यात आणि विंचरण्यात जातो, तो आखूड केसांत वेळेवर कापण्याकडे आणि डोक्याच्या त्वचेकडे द्यावा लागतो. हे ज्यांना उमगतं, त्यांचे आखूड केस वर्षभर नीट दिसतात. बाकीच्यांचे कापल्यापासून जेमतेम पंधरा दिवस.

याचं कारण साध्या गणितात आहे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, म्हणजे दिवसाला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. 90 सेंटिमीटरची वेणी असलेल्या बाईच्या केसांत महिन्याभरात एक टक्क्याच्या आसपास फरक पडतो. तो तिलाही कळत नाही. कानामागे 2 सेंटिमीटर ठेवलेले केस मात्र त्याच महिन्यात दीडपट होतात. मशीनला एक नंबर लावून ज्या बाजू 3 मिलिमीटर केल्या, त्या नऊ-दहा दिवसांत दुप्पट होतात. वाढीचा वेग सगळीकडे तोच असतो, पण मूळ लांबी कमी असल्यामुळं आकार लवकर मोडतो. म्हणून बाजूंना फेड करून घेणाऱ्याला दोन-तीन आठवड्यांनी खुर्चीत बसावंच लागतं. कात्रीनं कापलेले साधे आखूड केस चार-पाच आठवडे टिकतात, हनुवटीपर्यंतचा बॉब सहा ते आठ आठवडे. ज्याला महिन्यातून एकदाही सलून गाठणं जमत नाही, त्यानं फेडच्या वाटेला जाऊ नये. थोडे लांब ठेवून कात्रीनं कापून घ्यावेत.

याच गणितात आखूड केसांचा मोठा फायदाही आहे. 36 सेंटिमीटर लांब केसाचं टोक तीन वर्षांचं असतं. त्यानं तीन उन्हाळे सोसलेले असतात, हजारभर वेळा कंगवा सोसलेला असतो, कदाचित दोनदा रंगही. 6 सेंटिमीटरच्या केसाचं टोक जेमतेम सहा महिन्यांचं. त्यामुळं टोकं दुभंगणं, कोरडी पडणं, गुंता होणं या तक्रारी आखूड केसांत फारशा नसतात. महागडी कंडिशनरं, सीरम आणि 'रिपेअर'ची पाकिटं यांवर खर्च करण्याची गरज इथं बहुतेकांना नाही. खराब झालेला भाग दर महिन्याला कात्रीखाली निघूनच जातो.

आता कापण्याबद्दल. आखूड केसांत चूक लपत नाही, म्हणून कारागिराचा हात फार महत्त्वाचा. चांगला कारागीर आल्या आल्या पाण्याचा फवारा मारत नाही. आधी कोरडे केस बोटांनी मागे-पुढे करून बघतो. डोक्याच्या मागच्या टोकाला भोवरा कुठं आहे, तो कोणत्या दिशेनं फिरतो, मानेवरचे केस सरळ खाली जातात की एका कानाकडे वळतात, हे तो हातानंच वाचतो. बहुतेकांचा भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो, काहींचा उलटा, आणि काहींच्या डोक्यात दोन असतात. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, अशी आपल्याकडे समजूत आहे. तिला काही आधार नाही. पण दोन भोवऱ्यांचं डोकं कापणं अवघड, हे कोणताही कारागीर सांगेल. भोवऱ्यावरचे केस फार बारीक केले तर काट्यासारखे उभे राहतात. तिथं बोटभर लांबी राहू दिली की केस स्वतःच्या वजनानं खाली बसतात. कपाळाजवळ भोवरा असेल तर तिथले केस त्याच्याच दिशेनं वळू द्यावेत. त्याच्या विरुद्ध भांग पाडायला गेलं की रोज सकाळी भांडण ठरलेलं.

मग कारागीर मान किंचित पुढे वाकवतो आणि मानेच्या खाचेपाशी कंगवा आडवा धरतो. कंगव्याच्या दातांबाहेर येतील तेवढेच केस कात्रीनं उडवत कंगवा वर सरकवतो. वर जाताना कंगवा त्वचेपासून हळूहळू दूर नेतो. कंगवा जितका दूर, तितके तिथले केस लांब राहतात. हा चढ एकसारखा राहिला तर मान निमुळती, डोकं डौलदार दिसतं. मध्येच हात थांबला तर पायरी दिसते, आणि ती भरून यायला दोन आठवडे लागतात. मशीनचा फेड म्हणजे हाच चढ वेगवेगळे नंबर लावून काढलेला. विजेवर चालणारं हे मशीन अमेरिकेत लिओ वाहल यांनी 1919 साली तयार केलं. त्यामुळं काम झटपट झालं. पण ज्या डोक्याला खाचखळगे आहेत, जुन्या जखमेची खूण आहे, तिथं आजही कंगवा-कात्रीच भली. मशीन सगळीकडे सारखीच उंची ठेवतं, आणि खोलगट भाग उघडा पडतो.

खुर्चीत बसल्यावर "बारीक करा" एवढंच म्हणू नका. बारीक म्हणजे किती, हे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं असतं. बाजूला कितीचा नंबर, वर किती बोटं, कान उघडे की अर्धे झाकलेले, मानेवर सरळ रेघ की नैसर्गिक, हे सांगा. तुम्ही रोज हेल्मेट घालता का, हेही सांगा. त्यावरून वरचे केस किती ठेवायचे ते ठरतं.

एक समज इथंच दूर करायला हवा. लहान बाळाचं जावळ काढलं की केस दाट येतात, आणि मोठेपणीही केस गळायला लागले की चकोट करावं, असं घरोघरी सांगतात. केसाचं मूळ त्वचेच्या आत काही मिलिमीटर खोल असतं. बाहेरच्या केसावर वस्तरा फिरला हे त्या मुळाला कळत नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापल्यावर ते सपाट होतं. म्हणून हाताला केस राठ आणि दाट लागतात, एवढंच. जावळ हा संस्कार आहे. तो जरूर करा, पण दाट केसांची अपेक्षा त्यावर ठेवू नका. टायफॉईड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, तेव्हाही कापल्यानं गळणं थांबत नाही. ते बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप थांबतं. कापल्यानं फक्त उशीवर आणि मोरीत सापडणारा गुंता छोटा दिसतो आणि जिवाला थोडं बरं वाटतं. रक्त कमी आहे का, थायरॉईड बिघडलंय का, हे मात्र तपासून घ्यावं.

आखूड केस बाईचे असतील, तर आपल्याकडे गोष्ट केवळ सोयीची राहत नाही. कित्येक पिढ्या ब्राह्मण आणि काही इतर घरांत बाईचे केस जाणं म्हणजे वैधव्य होतं. केशवपन, अंगावर लाल आलवण आणि घरातला अंधारा कोपरा. आगरकरांनी 'सुधारका'तून या प्रथेवर कोरडे ओढले. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. ज्यांची रोजीरोटी त्या वस्तऱ्यावर होती, त्यांनी तो खाली ठेवला. महाराष्ट्राच्या इतिहासातल्या या पानाबद्दल शाळेत आणखी शिकवायला हवं. महर्षी कर्व्यांच्या संस्थेसाठी गावोगाव हिंडून निधी गोळा करणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी चाळिशीत केस पुन्हा वाढू दिले आणि 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात आपलं जगणं मांडलं. पंडिता रमाबाईंच्या छायाचित्रांत त्यांचे आखूड केस दिसतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कुठंही लाज नाही.

त्यानंतर युरोप-अमेरिकेत 1920 च्या दशकात बॉबची लाट आली. आपल्याकडे 1960 च्या 'लव्ह इन सिमला'नंतर साधना कटचं वेड पसरलं. तो कट आखूड केसांचा नव्हे, कपाळावरच्या झालरीचा होता. आजही बॉयकट केलेल्या मुलीला एखादी आजी "हे काय गं करून आलीस?" असं विचारते. त्या प्रश्नामागं हा सगळा इतिहास आहे. आजीवर रागावण्याआधी तो माहीत असावा. आणि तरीही केस किती ठेवायचे, हे त्या मुलीनंच ठरवावं.

पुन्हा डोक्याच्या त्वचेकडे येऊ. तिच्यातल्या ग्रंथी सतत थोडा तेलकट स्राव सोडतात. लांब केसांत तो टोकापर्यंत पोचायला दिवस लागतात. आखूड केसांत एका रात्रीत सगळा केस तेलकट होतो. त्यात नागपूरचा उन्हाळा. 23 मे 2013 रोजी शहरात 47.9 अंशांची नोंद झाली होती, आणि नवतप्यात 45 च्या आसपासचं तापमान इथं कोणाला नवल वाटण्यासारखं नाही. घाम, धूळ आणि तेल एकत्र आलं की डोकं खाजतं. म्हणून मार्च ते जून एक दिवसाआड शांपू, आणि रोज दुचाकीवर फिरणाऱ्यानं रोजही, सौम्य शांपूनं डोकं धुवायला हरकत नाही. "रोज धुतल्यानं केस गळतात" ही भीती सोडून द्यावी. धुताना हातात येणारे केस आधीच मुळातून सुटलेले असतात. दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणं सामान्यच आहे.

बऱ्याच पुरुषांची एक सवय मात्र मोडायला हवी. केस आखूड आहेत म्हणून अंगाचाच साबण डोक्यावर फिरवायची. साबण अल्कधर्मी असतो, डोक्याची त्वचा किंचित आम्लधर्मी. उन्हाळ्यात कित्येक सोसायट्यांत बोअरवेलचं पाणी येतं. त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी साबण मिसळला की न विरघळणारा चोथा तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच पांढरट थर केसांवरही बसतो. केस निस्तेज आणि चिकट होतात, आणि माणूस दोष पाण्याला देतो. शांपूचं तसं होत नाही. ज्यांना घरगुती काही हवं, त्यांना शिकेकाई चांगली. ती आम्लधर्मीच आहे.

तेलाचं काय? याबाबत मुंबईत झालेल्या एका संशोधनाचा दाखला देता येतो. मॅरिकोच्या प्रयोगशाळेतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना 2003 साली प्रसिद्ध केली. केसातल्या प्रथिनांची झीज खोबरेलानं कमी झाली, बाकीच्या दोहोंनी नाही. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्यानं ते केसाच्या आत शिरतं, हा त्यामागचा विचार. म्हणजे आज्यांचं खोबरेल केसांसाठी खरंच चांगलं. संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीचं होतं, हे लक्षात ठेवून वाचावं, पण निष्कर्ष रसायनशास्त्राशी जुळणारा आहे. मात्र ते केसांसाठी चांगलं आहे, कोंड्यासाठी नव्हे. कोंडा वाढवणारी मॅलासेझिया ही बुरशी डोक्याच्या तेलावरच जगते. कोंडा झालेल्या डोक्यावर रात्रभर तेल थापणं म्हणजे तिला जेवू घालणं. अशा वेळी औषधाच्या दुकानातला किटोकोनॅझोलचा शांपू आठवड्यातून दोनदा लावावा आणि तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवावा. महिनाभरात फरक नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. कोंडा नसेल, तर आखूड केसांना तेलाचे चार थेंब धुण्याआधी तासभर पुरतात. ते चोळण्याचा आराम वेगळा, तो जरूर घ्यावा.

उन्हात आखूड केसांची आणखी एक अडचण आहे. कानांच्या पाळ्या आणि मान, जे लांब केस झाकतात, ते इथं उघडं असतं. नागपुरात दुपट्टा डोक्याला गुंडाळून त्यावर हेल्मेट घालतात, ती पद्धत उत्तम आहे. सुती कापड घाम शोषतं, हेल्मेटचं अस्तर स्वच्छ राहतं आणि मानही झाकली जाते. तो दुपट्टा रोज धुवावा, आणि हेल्मेट दुसऱ्याचं घालू नये. कानांना आणि मानेला सनस्क्रीन लावायचं विसरू नका.

केस बसवण्याचं शास्त्र एका वाक्यात सांगायचं तर, केस ओला असताना ज्या आकारात वाळतो, तोच आकार धरतो. केराटिनच्या धाग्यांमध्ये असंख्य दुबळे हायड्रोजन बंध असतात. पाण्यानं ते सुटतात, वाळताना नव्या जागी जुळतात. सुती साडीवर पाणी शिंपडून इस्त्री करतो, तेव्हा हेच घडत असतं. म्हणून आंघोळीनंतर केस टॉवेलनं खसाखसा पुसून तसेच सोडू नयेत. पाणी टिपून घ्यावं, बोटांनी किंवा कंगव्यानं हवी ती दिशा द्यावी आणि मुळाशी ओलावा संपेपर्यंत धरून ठेवावं. ड्रायर असेल तर वारा मुळाकडून टोकाकडे, मध्यम गरम, शेवटी थंड. पातळ केसांना उंची हवी असेल, तर आधी उलट्या दिशेनं वाळवून मग हव्या त्या बाजूला वळवावं.

हाच बंध ऋतूप्रमाणं वेगळा वागतो. एप्रिल-मेच्या दुपारी नागपुरात हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते. केस कोरडे होऊन प्लास्टिकच्या कंगव्याबरोबर उभे राहतात. तेव्हा लाकडी कंगवा आणि हाताला पुसटसं क्रीम पुरतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सकाळी बसवलेला आकार दुपारी मोडतो, कारण हवेतलं पाणीच बंध सोडवत राहतं. त्या दोन महिन्यांत कुरळ्या केसांना सरळ करत बसू नये, कुरळेच छान राहू द्यावेत. जेलचा पातळ थर वाळल्यावर केस धरून ठेवतो, पण हेल्मेटखाली घामानं सुटून कोंड्यासारखा गळतो. मेणाचं पोमेड उन्हात मऊ पडून कपाळावर उतरतं आणि तिथं पुळ्या येतात. नागपूरच्या उन्हाळ्यासाठी मातीचा अंश असलेलं कोरडं क्ले बरं. वाटाण्याएवढं घ्यावं, तळव्यांवर पूर्ण पसरवावं, आणि मागून पुढे लावत यावं, म्हणजे कपाळावर गोळा साचत नाही.

ज्यांचे केस कर्करोगाच्या उपचारांत गेले, त्यांचे आखूड केस वेगळे. केमोथेरपीच्या काही औषधांनी पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. आधीच केस आखूड करून घेतलेल्या पेशंटना तो धक्का कमी बसतो, म्हणून डॉक्टर आणि नर्स तसं सुचवतात. उपचार संपल्यावर महिना-दोन महिन्यांत लव दिसू लागते. सुरुवातीला केस कधी कुरळे येतात, कधी वेगळ्या रंगाचे. वर्षभरात ते बहुधा पूर्वीसारखे होतात. या काळात रंग आणि स्ट्रेटनिंग टाळावं, सौम्य शांपू वापरावा आणि तीन-चार महिन्यांनी कडा नीट करून घ्याव्यात. ओबडधोबड वाढलेल्या केसांना पहिल्यांदा आकार येतो, तेव्हा आरशातला माणूस पेशंटसारखा दिसेनासा होतो. सलूनवाल्यांनी अशा गिऱ्हाइकाला गर्दी नसलेली वेळ द्यावी आणि फार प्रश्न विचारू नयेत. एवढं आपल्या शहरात सहज होण्यासारखं आहे.

अशा पेशंटनं वस्तऱ्यानं चकोट कधीच करू नये, मशीनच वापरावं. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा ओरखडाही महागात पडतो. पण वस्तऱ्याची काळजी फक्त त्यांचीच नव्हे. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात सात दिवस जिवंत राहू शकतो. गजकर्णाची बुरशी मशीनच्या पात्यात अडकलेल्या केसांतून एका डोक्यावरून दुसऱ्यावर जाते. मानेवर फार घासून वस्तरा फिरवला की केसतोड होते. काहींना तिथं कायमच्या गाठी येतात, विशेषतः कुरळ्या केसांच्या पुरुषांना. 28 जून 2020 पासून टाळेबंदीनंतर महाराष्ट्रात सलून पुन्हा उघडली, तेव्हा सुरुवातीला फक्त केस कापणं, रंगवणं अशा कामांना परवानगी होती, दाढीला नव्हती. प्रत्येक गिऱ्हाइकामागं खुर्ची आणि हत्यारं पुसणं तेव्हा सक्तीचं होतं. ती शिस्त साथीपुरती नव्हती, ती कायमची असायला हवी.

म्हणून पुढच्या वेळी खुर्चीत बसाल, तेव्हा नवं ब्लेड आपल्यासमोर पाकिटातून काढायला सांगा, मशीनचं पातं स्पिरिटनं पुसून घ्या आणि गळ्याभोवती धुतलेला टॉवेल मागा. यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. चांगल्या कारागिराला तुमच्या या मागणीचा राग येत नाही. आला, तर पुढच्या महिन्यात दुसरं सलून शोधा.